पत्त्यांना आठवण असते का?

संभाव्यतेचा धडा सुरू झाला, की आमचे संख्याशास्त्राचे सर खिशातून रुपयाचे नाणे काढतात, उडवतात, झेलून मुठीत झाकतात आणि विचारतात, "छाप की काटा?" वर्ग ओरडतो. सलग तीन वेळा छाप पडला, की चौथ्या वेळी वर्गातल्या बहुतेक सर्वांचा आवाज "काटा!" असा येतो. सर हसतात, नाणे खिशात घालतात आणि म्हणतात, "नाण्याला आठवण नसते, बरे का!" परीक्षेच्या दृष्टीने हे वाक्य दोन गुणांचे आहे. मला ते त्याहून बरेच महाग पडले, म्हणून हा लेख.

प्रथम माझी ओळख. तृतीय वर्ष कला, विषय अर्थशास्त्र, वय अठ्ठावीस. लग्नानंतर सात वर्षांनी पुन्हा शिकायला आलेली, एका मुलीची आई. गेल्या गोकुळाष्टमीला मला सातवा महिना होता आणि मी माहेरी, शहाडला होते. कल्याण सोडले, की कसाऱ्याच्या बाजूला पहिले स्टेशन ते शहाड. रेयॉनचा कारखाना, विठ्ठलाचे बिर्ला मंदिर, पलीकडे उल्हास नदी आणि अलीकडे उल्हासनगर, एवढे सांगितले की आमच्या गावाचा भूगोल संपतो. इतिहास वाटेल तेवढा सांगता येईल, पण संपादकांनी पानांची मर्यादा घातली आहे.

गोकुळाष्टमीची रात्र म्हणजे जागरण, आणि जागरण म्हणजे पत्ते, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कोजागिरीला तर फासे खेळून जागावे असे धर्मशास्त्राच्या ग्रंथांतच आहे. अष्टमीला ती परवानगी लोकांनी आपण होऊन घेतली असावी. पुरुष मंडळी गच्चीवर किंवा जिन्याखाली बसतात. बायकांचा डाव आमच्या घरी, आईच्या दिवाणखान्यात. त्या रात्री आम्ही सहा जणी होतो: आई, वहिनी, शेजारच्या काकू, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, खालच्या मजल्यावरच्या सिंधी भाभी आणि मी. सर्वांचा उपवास होता. मला मात्र डॉक्टरांनी उपाशी राहायचे नाही असे बजावले होते, त्यामुळे भाभींनी आदल्या दिवशीच्या थदडीचे राखून ठेवलेले गोड लोले मी एकटीच खात होते. जमिनीवर बसणे जमत नव्हते, म्हणून मला पाठीला उशी लावून खुर्ची दिली होती. खुर्चीवरून सर्वांची पाने दिसतात असा आरोप काकूंनी पहिल्या दहा मिनिटांतच केला.

खेळ तीन पत्ती. पैशांऐवजी चिंचोके, एक चिंचोका म्हणजे एक रुपया. प्रत्येकीने शंभर रुपये आईच्या डब्यात टाकून शंभर चिंचोके घ्यायचे, संपले की उठायचे, उसने मिळणार नाही. हा शेवटचा नियम भाभींचा. पत्त्यांतले त्यांना सर्वांत जास्त कळते, आणि कळते म्हणूनच हा नियम त्यांनी केला असे मला वाटते. चिंचोक्यांना आम्ही हसलो, पण नलराजाच्या काळचे फासे म्हणजे बेहड्याच्या बियाच होत्या. म्हणजे आमची परंपरा चांगली जुनी म्हणायची.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात या बाबतीत अजून १८८७ सालचा जुगारप्रतिबंधक कायदा चालतो. त्याचा रोख मुख्यतः अड्डा चालवणाऱ्यावर, म्हणजे जागा देऊन नाल घेणाऱ्यावर आहे. निव्वळ कौशल्याचे खेळ त्याने वगळले आहेत. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि त्याच निकालात, रमी ही तीन पत्तीसारखी सर्वस्वी दैवाची नव्हे, असेही म्हटले. याच महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी एक कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर संसदेने २०२५ साली बंदी घातली. चिंचोक्यांविषयी कोणत्याच कायद्यात काही नाही, आणि आई नालही काढत नाही. उलट चहा तिचाच असतो.

आता खेळ कसा असतो ते सांगते. ज्यांना येतो त्यांनी हा परिच्छेद गाळावा. प्रत्येकी आधी एक चिंचोका मध्ये टाकते, त्याला बूट म्हणतात. मग तीन तीन पाने वाटायची. पाने न पाहता खेळली तर ती ब्लाइंड; पाहून खेळली तर ब्लाइंडच्या दुप्पट चाल द्यावी लागते. नको असेल तर पॅक करायचे. शेवटी दोघी उरल्या, की एकीने शो मागायचा. सर्वांत मोठी ट्रेल, म्हणजे तिन्ही पाने सारखी. मग एकाच रंगाची ओळीतली तीन पाने, मग नुसती ओळ, मग नुसता रंग, मग जोडी आणि काहीच नसेल तर सर्वांत मोठे पान. पाश्चात्त्यांच्या पोकरचा हा धाकटा चुलतभाऊ. पोकरमध्ये पाने पाच, म्हणून बावन्न पानांतून पडणारे हात २५,९८,९६० होतात. आमच्या तीन पानांचे हात होतात फक्त २२,१००. एवढे तर वहीत मोजता येतात, आणि मी ते मोजले.

त्यांपैकी ट्रेल ५२, एका रंगाची ओळ ४८, साधी ओळ ७२०, रंग १,०९६, जोडी ३,७४४. उरलेल्या १६,४४० हातांत काहीही नसते. म्हणजे चार वेळा पाने उचलली, तर जवळजवळ तीन वेळा हाती निराशाच. यात एक गंमत आहे. एका रंगाची ओळ ट्रेलपेक्षा दुर्मिळ, ४८ विरुद्ध ५२. तरी मान ट्रेलला जास्त. खेळाचे नियम करणाऱ्यांनी मोजले नसावे, किंवा तीन एक्के एकत्र पाहून त्यांना हिशेब सुचला नसावा.

चारांत तीन वेळा हाती काही नसते, म्हणून हा खेळ पानांपेक्षा चेहऱ्यांवर चालतो. निकालात काही म्हटले असो, भाभी रात्रीअखेर बहुतेक वेळा वर असतात, आणि ते केवळ दैव म्हणावे तर दैवाचा त्यांच्यावर फारच लोभ आहे. त्या पानांकडे एकदाच पाहतात आणि मग तुमच्याकडे. आई चांगले पान आले की चष्मा पुसते. बाई शुद्ध मराठी बोलू लागतात. त्या रात्री त्यांना माझीही एक खूण सापडली. नऊच्या सुमारास मला सत्ती, चव्वी, दुरी अशी पाने आली, तीही तीन रंगांची. मी पॅक करणार, तोच बाळाने अशी काही लाथ मारली, की माझा हात आपोआप पोटावर गेला आणि श्वास अडकला. भाभींनी पाहिले. पत्ते खाली ठेवले. "इसके पास कुछ बड़ा है," त्या म्हणाल्या. त्यांच्या मागोमाग काकू आणि बाईंनीही पॅक केले. राहिलेल्या वहिनीने दोन चाली दिल्या आणि तीही घाबरली. एकवीस चिंचोके मी सत्तीवर जिंकले. पाने दाखवली तेव्हा झालेला गलका जिन्याखालच्या पुरुषांनाही ऐकू गेला. पुढे खरोखर राजांची जोडी आली तेव्हा बाळ स्वस्थ झोपले होते.

दहाच्या पुढे सासूबाईंचा डोंबिवलीहून फोन आला. जेवलीस का, औषध घेतलेस का, हे झाले. मग त्या म्हणाल्या, "आज आमच्याकडे पाळण्यात कृष्ण घातला, तेव्हा तुझ्याच नावाने दोरी ओढली. थोरलीच्या दोन, तुझी एक. आता देवालाही पाळी बदलायला हवी." त्या प्रेमळ आहेत, हे मुद्दाम लिहिते. माझ्या मुलीचे केस त्या ज्या हातांनी विंचरतात, त्या हातांनी तिला कधी चापटसुद्धा मारलेली नाही. तरीही फोन ठेवल्यावर मला पाने धड दिसेनात.

काकूंनी बोलणे ऐकले होतेच. "बरोबर आहे त्यांचे," त्या म्हणाल्या. "सलग तीन मुली झाल्या तुमच्या घरात. आता मुलगाच. लावा पैज!" आणि कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर त्यांनी दोन रकाने आखले. काकूंनी दहा लावले, बाईंनी दहा. आतल्या खोलीतून बाबांनी दहा सांगितले. वहिनीने माझ्याकडे पाहिले, मग मान खाली घालून दहा चिंचोके मुलाच्या रकान्यावर सरकवले. तिलाही एक मुलगी आहे. भाभी म्हणाल्या, "बच्चे पे मैं नहीं खेलती," आणि हात मागे घेतले. मुलीचा रकाना रिकामाच होता. समोर कोणी नसेल तर पैज कसली, असे मी म्हणणार, तोच आईने चष्मा पुसला आणि वीस चिंचोके मोजून त्या रकान्यावर ठेवले. "कोणीतरी नको का?" एवढेच ती म्हणाली.

ठरले असे: मुलगी झाली तर चौघांचे चाळीस आईचे; मुलगा झाला तर आईचे वीस चौघांत.

बाराला खेळ थांबला. देव्हाऱ्यासमोर पाळणा हलला, सुंठवडा वाटला. मी खुर्चीतच बसून होते. कथेप्रमाणे त्याच रात्री गोकुळात यशोदेला एक मुलगी झाली होती, आणि तिला उचलून तिच्या जागी मुलगा ठेवला म्हणून पुढची सारी कथा घडली, हे लहानपणापासून शंभर वेळा ऐकले होते. त्या मुलीचा पाळणा मात्र मी कुठेच पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दहीहंडीचा ढोल चालला होता, पाऊस कोसळत होता. काकू सुंठवड्याची वाटी परत द्यायला आल्या आणि मी त्यांना पकडले. म्हटले, काकू, कॅट पिसून मधून कापायचा, लाल पान की काळे ते लिहायचे, पुन्हा पिसायचा. काळे सलग तीनदा आले, की पुढचे लाल येईल यावर तुम्ही एक चिंचोका लावा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे पाळी लालची. काकूंना मोकळा वेळ होता. शंभरावर वेळा आम्ही कॅट कापला. काळे सलग तीनदा अशी वेळ चौदा वेळा आली. त्यांतून पुढचे पान लाल निघाले आठ वेळा, काळे सहा वेळा.

"बघ," काकू म्हणाल्या, "मी सांगत होते." आणि वाटी घेऊनच परत गेल्या.

आमच्या सरांना हा आकडा दाखवला, तेव्हा ते आधी पुष्कळ हसले. मग त्यांनी गणित मांडले: दोन्ही शक्यता अगदी समान असल्या, तरी चौदांत आठ किंवा अधिक वेळा लाल येणे शंभरांत जवळजवळ चाळीस वेळा घडते. म्हणजे काकूंचा विजय हा विजयच नव्हे. पण तो काकूंना कसा पटवायचा? चौदा प्रयोगांनी काही सिद्ध होत नाही, हे सांगायला चौदाशे प्रयोग करावे लागतील, आणि तेवढा वेळ काकूंनाही नाही.

आणि काकूंची चूक अगदी मूर्खपणाची नाही, हे मला नंतर कळले. एका डावापुरती पत्त्यांना आठवण असतेच. माझ्या हातात दोन एक्के असतील, तर बाकी पन्नास पानांत दोनच उरतात; माझ्या राण्या दुसरीकडे जाऊच शकत नाहीत. रमीत कोणते पान पडले हे लक्षात ठेवणारीच जिंकते. जन्मभर पत्ते खेळणाऱ्या बाईला, 'गेलेले पान पुन्हा येत नाही, उरलेल्यांची पाळी येते', हा खराखुरा अनुभव असतो. पण ही आठवण कॅट पिसेपर्यंतची. पिसला, की बावन्नच्या बावन्न पाने कोरी. काकू डावाच्या आतला नियम डावाच्या बाहेर नेतात, एवढीच त्यांची चूक.

ही चूक फक्त शहाडची नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत चक्रावर काळा रंग सलग सव्वीस वेळा आला, आणि 'आता तरी लाल' म्हणत भल्याभल्यांनी पैसे घालवले. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या संभाव्यतेवरच्या निबंधात लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने नेमकी आमचीच गोष्ट लिहून ठेवली आहे. मुलगा व्हावा म्हणून आतुर झालेले बाप त्याने पाहिले होते. बायकोचे दिवस भरत आले असताना त्या महिन्यात दुसऱ्यांकडे मुलगे झाल्याचे कानावर आले, की हे बाप खिन्न होत. कारण त्यांच्या समजुतीने महिन्याचा हिशेब सारखा व्हायचा, म्हणजे पुढची पाळी मुलींची. ते वाचून मला माझ्या सासूबाई एकदम जवळच्या वाटू लागल्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्येही त्यांच्या बरोबरीने दोरी ओढणारे होते.

बाळांचा हिशेब असा. माणसाच्या जातीत शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे मुलगी होण्याची शक्यता शंभरांत ४८ ते ४९. ओळीने चारही मुलीच होण्याची शक्यता अठरांत एक, हे खरे. पण ती पहिल्या बाळाच्या आधीची गोष्ट. तीन मुली होऊन गेल्यावर चौथ्या वेळची शक्यता पुन्हा तीच, शंभरांत ४८-४९. शिवाय आमच्या बाबतीत दोन मुली जाऊबाईंच्या. दुसऱ्या टेबलावरच्या पत्त्यांचा माझ्या डावाशी काय संबंध? आणि पाने वाटतो कोण? मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी किड्यांच्या अभ्यासातून १९०५ साली दाखवून दिले. आईकडे या बाबतीत एकाच जातीचे पान असते. वाटणारा एक आणि हरल्याचे बोल दुसरीला, असा डाव आमच्या दिवाणखान्यात कोणी चालवून घेतला नसता.

गर्भाचा डाव कायद्याने ब्लाइंड खेळायचा असतो. गर्भलिंगतपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ सालचा. तरी पाने उचलून पाहणारे होते, हे कोणी कबूल न करताही आकड्यांत दिसते. निसर्गाच्या वाटपात हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली यायला हव्यात. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण १९९१ च्या जनगणनेत ९४६ होते, २००१ मध्ये ९१३ झाले, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात त्या वर्षी ८०७ होते. चौदा वेळा कॅट कापून काही सिद्ध होत नाही. पण लाखो वेळा वाटूनही लाल पाने कमीच पडत असतील, तर कॅट लावलेला आहे असे कोणीही म्हणेल. भाभी तर अशा टेबलावर बसणारही नाहीत.

हे सारे मी काकूंना सांगितले. बाईंना सांगितले. सासूबाईंना फोनवर थोडे सांगितले, त्या "हो का, हो का" म्हणाल्या आणि जपून राहायला सांगून त्यांनी फोन ठेवला. आईने मात्र मधेच विचारले, "म्हणजे माझी पैज वाईट नव्हती?"

वाईट? त्या रात्री शहाडात लागलेली ती सर्वांत शहाणी पैज होती. मुलगी होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी, आणि आई वीस लावून चाळीस मिळवणार होती. असा डाव शंभर वेळा खेळायला मिळाला, तर ती सरासरी नऊशे रुपयांच्या वर कमावेल. तिने काही गणित केलेले नव्हते, कोणीतरी लावायला हवे म्हणून लावले होते. पण सर्वजण एका बाजूला धावले, की दुसऱ्या बाजूचा भाव आपोआप चांगला होतो, हे अर्थशास्त्र तिला कोणी न शिकवता साधले.

दिवाळीनंतर मी बाळंत झाले. मुलगा झाला.

काकू दवाखान्यात आल्या त्या हसतच. "आता काय म्हणतात तुझे सर?" सासूबाईंनी पेढे वाटले, चार वर्षांपूर्वी बर्फी वाटली होती. खवा दोन्ही वेळा डोंबिवलीच्या एकाच दुकानातला. जाऊबाई दोन्ही मुलींना घेऊन बाळ पाहायला आल्या, बाळाला मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. माझे सारे गणित बरोबर होते आणि घरात आता ते कोणी ऐकणार नव्हते. आईने एवढी चांगली पैज लावली आणि ती हरली. पुढच्या खेपेला कोणी तशी लावील, असे मला वाटत नाही.

बाराव्या दिवशी सर्व जणी बारशाला जमल्या, तेव्हा आईने फडताळातून कालनिर्णयचा तो कागद काढला, चष्मा पुसला आणि पर्समधून वीस रुपये मोजले. काकूंना पाच, बाईंना पाच, बाबांना पाच. वहिनी घेईना. आईने तिच्या मुठीत कोंबले, आणि वहिनीने ते माझ्या मुलीला दिले. तिने त्याचे चॉकलेट आणले आणि अर्धे बाळाच्या तोंडात घालू लागली, तेव्हा सगळ्या एकदम धावल्या.